कबुली कुणाची, माहिती कुणाची

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात फ्रेड इनबाऊ हे प्राध्यापक होते. जॉन रीड यांच्याबरोबर त्यांनी १९६२ साली चौकशी आणि कबुलीजबाब या विषयावर एक पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केलं. संशयिताला एकांतात कसं बसवायचं, त्याचा नकार कसा मोडून काढायचा, गुन्ह्याला एखादी सौम्य सबब पुढे करून त्याच्याकडून 'हो' कसं वदवून घ्यायचं, हे त्यात पायरीपायरीने सांगितलं होतं. अमेरिकी पोलिसांच्या कित्येक पिढ्या या 'रीड पद्धती'त तयार झाल्या. पुढे त्याच महाविद्यालयात स्टीव्हन ड्रिझिन शिकवू लागले. या बंद खोल्यांतून बाहेर पडणाऱ्या कबुल्यांपैकी खोट्या किती, त्या कशा जन्माला येतात आणि त्यांत मुलांचा भरणा एवढा का, याचा शोध हेच त्यांचं काम झालं. मुलांवरचे चुकीचे खटले लढवणारं एक केंद्रही त्यांनी लॉरा नायरायडर यांच्यासह तिथेच उभं केलं. त्यांच्या कामावरून पडणारे प्रश्न खाली दोन बाजूंनी मांडले आहेत. अधिकाऱ्याचं पात्र कल्पित आहे. तपासात आयुष्य घातलेला माणूस जे आक्षेप घेईल, ते त्याच्या तोंडी घातले आहेत. लेखकाची बाजू माझी स्वतःची आहे.

अधिकारी : मला आधी मुळातलंच समजावून सांगा. केलेला गुन्हा माणूस लपवतो, हे आम्ही रोज बघतो. न केलेला खून कोण आपण होऊन अंगावर घेईल? मारहाण झाली, उपाशी ठेवलं, उलटं टांगलं, तर मी समजू शकतो. पण तुम्ही ज्या अमेरिकेबद्दल बोलताय, तिथे आता खोलीत टेबल-खुर्ची असते, प्यायला पाणी मिळतं, 'गप्प राहण्याचा हक्क आहे' असं आधी वाचून दाखवतात. त्यानंतरही जो म्हणतो 'मी मारलं', त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा?

लेखक : साहेब, हा प्रश्न न्यायाधीशांना आणि ज्यूरींनाही पडतो, आणि म्हणूनच खोटी कबुली इतकी घातक ठरते. ड्रिझिन यांनी रिचर्ड लिओ या अभ्यासकाबरोबर २००४ साली एक मोठा शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९७१ ते २००२ या काळातल्या १२५ कबुल्या त्यांनी तपासल्या. त्या सगळ्या खोट्या असल्याचं निर्विवाद सिद्ध झालं होतं : कुठे डीएनएने, कुठे खरा गुन्हेगार सापडल्याने, कुठे मेलेला म्हणून नोंदलेला माणूस जिवंत निघाल्याने किंवा आरोपी त्या वेळी तुरुंगातच होता हे कळल्याने. त्यांतल्या सुमारे ८१ टक्के कबुल्या खुनाच्या प्रकरणांतल्या होत्या. जवळजवळ एक तृतीयांश अठरा वर्षांखालच्या मुलांच्या होत्या. चौकशी किती वेळ चालली हे ज्या प्रकरणांत कळू शकलं, तिथे सरासरी निघाली सोळा तासांहून थोडी जास्त. एरवीच्या चौकश्या तासा-दोन तासांत आटोपतात. तुम्ही मार नव्हता म्हणता, ते खरं आहे. पण सोळा तास एका खोलीत, घरच्यांपासून तोडून, 'तूच केलंस, आमच्याकडे पुरावा आहे' हे एकच वाक्य ऐकत बसणं म्हणजे काय, याचा हिशोब करून बघा. माणसाला शेवटी दोनच वाटा दिसतात. नकार देत राहिलं तर हे थांबणार नाही, आणि 'हो' म्हटलं तर निदान आज सुटका होईल. निरपराध माणसाच्या मनात आणखी एक समजूत असते : मी काही केलेलंच नाही, तेव्हा उद्या कोर्टात सगळं स्पष्ट होईलच. ही भाबडी खात्रीच त्याला बुडवते. मानसशास्त्रज्ञ सॉल कॅसिन यांनी हे पुष्कळ तपशिलाने दाखवून दिलं आहे.

आता या खोलीत मोठ्या माणसाच्या जागी चौदा वर्षांचं मूल बसवा. उद्याच्या परिणामापेक्षा आत्ताचा त्रास मोठा वाटणं, समोरच्या मोठ्या माणसाला खूश करावंसं वाटणं, त्याला हवं असलेलं उत्तर त्याच्या चेहऱ्यावरून ताडणं, ही त्या वयाची लक्षणंच आहेत. घर आणि शाळा यांनी मुलाला तेच शिकवलेलं असतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेडलिच आणि गुडमन या संशोधकांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर टंकलेखन करायला बसवलं. 'तू मनाई केलेली कळ दाबलीस, म्हणून संगणक बंद पडला' असा खोटा आरोप केला आणि कबुलीच्या कागदावर सही मागितली. तरुण प्रौढांपैकी ५९ टक्क्यांनी सही केली. पंधरा-सोळा वर्षांच्यांत हे प्रमाण ७२ टक्के होतं, बारा-तेरा वर्षांच्यांत ७८. प्रयोगशाळेत खुनाचा आरोप करता येत नाही, तेव्हा या आकड्यांवर फार मोठी इमारत रचू नये. पण वय उतरत जातं तशी सही सोपी होत जाते, ही दिशा त्यातून स्वच्छ दिसते.

अधिकारी : दिशा मान्य. आकडा मात्र मला पटत नाही. तीस वर्षांत १२५! त्या देशात दरवर्षी किती लाख लोकांची चौकशी होत असेल? आणि ही १२५ प्रकरणं तरी कशी निवडली? खोटी ठरलेलीच तेवढी उचलली. रुग्णालयात जाऊन फक्त दगावलेल्यांची यादी करायची आणि म्हणायचं, औषध विषारी आहे.

लेखक : निवडीबद्दलचा तुमचा आक्षेप योग्य आहे. या १२५ वरून शंभरात किती कबुल्या खोट्या, हे काढता येणार नाही, आणि निबंधाच्या लेखकांनीही तसा दावा केलेला नाही. एकूण कबुल्यांची मोजणीच कुठे होत नाही. मात्र त्या यादीत येण्यासाठीची अटही बघा. खोटेपणा निर्विवाद सिद्ध व्हायला हवा. जिथे डीएनए नव्हता, खरा गुन्हेगार कधी सापडलाच नाही, किंवा मुलाने वकिलाच्या सल्ल्याने गुन्हा मान्य करून शिक्षा भोगून टाकली, ती प्रकरणं या यादीत येऊच शकत नाहीत. तेव्हा १२५ हा तळाचा आकडा आहे, त्यावर किती आहेत ते दिसत नाही. शिवाय माझ्या दृष्टीने त्या निबंधातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग वेगळाच आहे. या १२५ पैकी ३७ जणांनी खटला लढवला. ते निरपराध होते, आणि त्यांतले ३० दोषी ठरले. म्हणजे पोलीस चुकले तरी पुढे कोर्ट आहेच, ही चाळणी कबुलीपुढे चालत नाही. एकदा 'मी केलं' हा कागद आला की बाकी सगळा पुरावा त्याच्या उजेडात वाचला जातो. आणखी १४ जणांनी तर निरपराध असूनही गुन्हा मान्य केला.

डीएनएने हे सुटेल असं कुणाला वाटत असेल, तर शिकागोच्या उपनगरातलं डिक्समूरचं प्रकरण वाचावं. १९९१ साली एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. पाच किशोरवयीन मुलं पकडली गेली, त्यांपैकी तिघांनी कबुली दिली. खटल्याच्या आधीच डीएनएचा अहवाल आला आणि त्यातला नमुना पाचांपैकी एकाचाही नव्हता. तरीही खटला चालला आणि पाचही जणांना शिक्षा झाल्या. विज्ञान एका बाजूला आणि मुलांचे शब्द दुसऱ्या बाजूला असताना यंत्रणेने शब्द उचलले. तो नमुना दुसऱ्याच माणसाचा असल्याचं उघड होऊन २०११ साली त्या शिक्षा रद्द झाल्या, तोवर ती मुलं तिशीपलीकडे गेली होती. खुद्द शिकागो शहरात एंगलवुड भागातल्या चार मुलांची कथा जवळपास अशीच आहे. तिथेही डीएनएने आधीच नकार दिला होता, तिथेही शिक्षा रद्द झाल्या त्या २०११ मध्येच.

अधिकारी : ठीक. पण कबुली म्हणजे नुसतं 'मी केलं' नव्हे. आमच्यातला कुठलाही शहाणा माणूस तेवढ्यावर थांबत नाही. जे फक्त गुन्हेगारालाच ठाऊक असणार, ते त्याच्या तोंडून येतंय का, हे आम्ही बघतो. हत्यार कुठलं, प्रेत कसं पडलं होतं, दार कुठलं उघडं होतं. एका तरुणीच्या खुनात शिक्षा झालेल्या विस्कॉन्सिनच्या ब्रेंडन डॅसीचं उदाहरण तुम्ही लोक नेहमी देता. त्या मुलाने डोक्यात गोळी झाडल्याचं सांगितलं. ही गोष्ट बाहेर कुणाला माहीत नव्हती. आणि त्याच्या जबाबानंतर गॅरेजमध्ये गोळीचा तुकडा सापडला. आता बोला.

लेखक : हा तुमचा सर्वांत बळकट मुद्दा आहे, आणि ड्रिझिन यांच्या कामाचा गाभाही नेमका इथेच आहे, म्हणून त्यावर सावकाश बोलू. ब्रँडन गॅरेट या कायद्याच्या प्राध्यापकांनी डीएनएने निर्दोष ठरलेल्या ४० लोकांच्या खोट्या कबुल्या तपासून २०१० साली एक निबंध लिहिला. त्या ४० पैकी ३८ कबुल्यांत गुन्ह्याचे बारीकसारीक, बरोबर तपशील होते, आणि बऱ्याच प्रकरणांत पोलिसांनी कोर्टात सांगितलं होतं की हे तपशील आम्ही त्याला दिलेले नाहीत. ही माणसं तर तिथे नव्हतीच. मग तपशील आले कुठून? प्रश्नांतून, दाखवलेल्या छायाचित्रांतून, जागेवर नेऊन केलेल्या फेरीतून, 'नीट आठव, तसं नव्हतं' या सुधारण्यातून. बहुतेक वेळा अधिकारी खोटं बोलत नसतो. दहाव्या तासाला आपण काय सुचवलं आणि त्याने काय सांगितलं, हे त्याचं त्यालाच वेगळं काढता येत नाही. म्हणून खरी परीक्षा अशी, की कबुलीने पोलिसांना आधी ठाऊक नसलेलं, आणि मागाहून स्वतंत्रपणे खरं ठरलेलं, असं काय दिलं? पोलिसांनाच माहीत असलेली गोष्ट आरोपीच्या तोंडून परत आली, तर ती कुणाची माहिती हे संपूर्ण ध्वनिचित्रमुद्रण पाहिल्याशिवाय ठरत नाही.

डॅसीच्या प्रकरणात सुदैवाने ते मुद्रण आहे. २००६ सालचा मार्च महिना. मुलगा सोळा वर्षांचा, शाळेत विशेष शिक्षणाच्या वर्गात, बुद्ध्यांक सरासरीपेक्षा बराच कमी. खोलीत आई नाही, वकील नाही. दोन अधिकारी त्याला पुन्हा पुन्हा विचारतात, त्या तरुणीच्या डोक्याला काय केलं? तो अंदाज बांधू लागतो. केस कापले म्हणतो, मग ठोसा मारला म्हणतो, मग गळा चिरला म्हणतो. त्यांना हवं ते येत नाही. शेवटी एक अधिकारीच विचारतो, डोक्यात गोळी कुणी घातली? मुलगा त्याच खुनात आरोपी असलेल्या आपल्या मामाचं नाव घेतो. हे आधी का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर सुचलं नाही म्हणतो. खुनाची आणि बलात्काराची कबुली देऊन झाल्यावर, शाळेत आज एक प्रकल्प द्यायचा आहे, वेळेत परत जाता येईल का, अशी चौकशी करतो. आपण काय बोलून बसलो याची त्याला कल्पनाही नव्हती, हे याहून स्पष्ट कशाने दिसणार? गॅरेजमधल्या गोळीचं म्हणाल तर तो तुकडा जबाबानंतर सापडला हे खरं. पण रिकामी काडतुसं त्या गॅरेजमध्ये आदल्या नोव्हेंबरातच मिळाली होती, आणि गोळीचा विषय खोलीत आणला तो पोलिसांनी. तुमचीच कसोटी लावली तरी तो जबाब उतरत नाही.

डॅसी निरपराध आहे असं मी इथे म्हणत नाही. त्या दिवशी कोण कुठे होतं हे मला ठरवता येणार नाही. मी म्हणतो ते एवढंच, की तो जबाब काहीच सिद्ध करू शकत नाही, आणि खटल्याचा मुख्य आधार तर तोच होता. ड्रिझिन आणि नायरायडर यांनी त्याचं वकीलपत्र घेतलं. २०१६ साली संघीय न्यायालयाच्या दंडाधिकाऱ्यांनी ती कबुली स्वेच्छेची नव्हती असा निर्णय दिला. २०१७ च्या जूनमध्ये अपील न्यायालयाच्या तीन जणांच्या पीठाने तो दोन विरुद्ध एक मतांनी उचलून धरला. डिसेंबरमध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी तो उलटवला, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीच नाकारली. बहुमताचा आधार मुख्यतः १९९६ च्या एका कायद्याचा होता. राज्याच्या न्यायालयाचा निर्णय चुकीचा असला तरी तो साफ अवाजवी असल्याशिवाय संघीय न्यायालयाने त्यात हात घालू नये, अशी त्याची चौकट. तीन न्यायाधीश एका बाजूला, चार दुसऱ्या, आणि मधल्या एका मतावर एका मुलाचं आयुष्य. मला हा निकाल चुकीचा वाटतो.

अधिकारी : तुम्ही मुलांबद्दल बोलता, मी मेलेल्या मुलीबद्दल बोलतो. तिच्या बाजूने खोलीत कोण बसलेलं असतं? तपास अधिकारी. साक्षीदार नसतो, ठसे नसतात, डीएनए दर दहा प्रकरणांत एकातही मिळत नाही. अशा वेळी 'तुझ्या साथीदाराने सगळं सांगितलंय' असं एखादं वाक्य टाकलं तर बिघडलं काय? त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ सालीच अशा डावपेचांना हरकत नाही म्हटलंय. खऱ्या गुन्हेगाराला त्या खोट्याने काय फरक पडतो? तो तर आतून जाणतोच.

लेखक : त्या मुलीच्या बाजूने खोलीत बसणं हे पवित्र काम आहे, आणि माझा आग्रह तिच्यासाठीही आहे. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एप्रिल १९८९ मध्ये एका तरुणीवर अमानुष हल्ला झाला. चौदा ते सोळा वर्षांच्या पाच मुलांना शिक्षा झाली, आणि त्यांतल्या चौघांच्या कबुल्या चित्रित केलेल्या होत्या. चित्रीकरण मात्र शेवटच्या जबाबाचं, त्याआधीच्या कित्येक तासांचं नव्हे. हल्ला करणारा माणूस दुसराच होता. पोलीस या पाच मुलांच्या कबुल्यांवर समाधान मानून बसले, आणि तो ऑगस्टमध्ये पकडला जाईपर्यंत त्याने आणखी बलात्कार केले, एका गर्भवती स्त्रीचा खून केला. २००२ साली त्याने स्वतः गुन्हा मान्य केला, डीएनएही जुळला आणि मुलांच्या शिक्षा रद्द झाल्या. खोट्या कबुलीची किंमत फक्त आरोपी मुलगा मोजत नाही, पुढचे बळीही मोजतात. प्रश्नाचा हा भाग तुमच्या खात्याने आमच्याआधी मांडायला हवा.

खोट्या पुराव्याबद्दल तुम्ही जे म्हणालात, त्यात एक गृहीत दडलं आहे : समोर बसलेला खरा गुन्हेगारच आहे. पण चौकशी कशासाठी करायची? तो गुन्हेगार आहे की नाही हे शोधण्यासाठी. निरपराध मुलाला 'तुझे ठसे मिळालेत' म्हटलं की त्याच्या पायाखालची जमीन सरकते. मोठी माणसं, त्यातून पोलीस, खोटं बोलतील हे त्याला खरं वाटत नाही. काही मुलं तर आपल्याच स्मृतीवर संशय घेऊ लागतात. १९९८ साली शिकागोत सात आणि आठ वर्षांच्या दोन मुलांवर अकरा वर्षांच्या मुलीच्या खुनाचा आरोप ठेवला गेला, त्यांच्या म्हणवल्या गेलेल्या कबुलीवरून. महिन्याभरात मुलीच्या कपड्यांवर वीर्य सापडल्याचा अहवाल आला आणि आरोप मागे घ्यावे लागले. त्या वयाच्या मुलांचं ते असूच शकत नव्हतं. ड्रिझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यानंतर इलिनॉयमध्ये कायदे बदलून घेण्यासाठी वर्षानुवर्षं खपून काम केलं. २००३ साली खुनाच्या चौकशीचं संपूर्ण मुद्रण सक्तीचं करणारा कायदा तिथल्या विधिमंडळाने केला. तो मांडणाऱ्यांत राज्याचे तेव्हाचे सिनेटर बराक ओबामा होते. २०२१ साली अल्पवयीन मुलाला चौकशीत खोटा पुरावा सांगून फसवायला बंदी घालणारं इलिनॉय हे अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं.

आणि खोटं बोलल्याशिवाय तपास होत नाही, या समजुतीला इंग्लंडने उत्तर दिलं आहे. १९७२ साली लंडनमध्ये झालेल्या एका खुनात तीन मुलांच्या कबुल्या घेतल्या गेल्या. सर्वांत लहान चौदा वर्षांचा, सर्वांत मोठा अठरा वर्षांचा आणि बौद्धिक दृष्ट्या मागे. १९७५ साली त्या शिक्षा रद्द झाल्या, चौकशी समिती बसली, पुढे शाही आयोग नेमला गेला, आणि त्यातून १९८४ चा पोलीस व गुन्हेगारी पुराव्याचा कायदा आला. चौकशीचं मुद्रण आणि मुलाबरोबर एक 'योग्य प्रौढ' व्यक्ती ही तिथली रीत झाली. नव्वदच्या दशकात पोलिसांनी कबुली काढण्याऐवजी माहिती गोळा करणारी मुलाखतीची पद्धत स्वीकारली. संशयिताला सविस्तर बोलू द्यायचं आणि त्याचं म्हणणं पुराव्याशी ताडून बघायचं. तिथे खुनांचा तपास थांबलेला नाही. अमेरिकेतल्या प्रशिक्षण देणाऱ्या एका मोठ्या कंपनीनेही २०१७ साली रीड पद्धत शिकवणं सोडून दिलं.

अधिकारी : मुद्रणाला माझी हरकत नाही. उलट उद्या कोणी मारहाणीचा खोटा आरोप केला तर ते मलाच वाचवेल. पण वकील? वकील आला की पहिलं वाक्य, 'काही बोलू नकोस.' मग सोळा-सतरा वर्षांचा सराईत पोरगा हसत बाहेर जाईल. आई-बाप बसवा जवळ, तेवढं पुरे नाही का?

लेखक : काही खरे अपराधी गप्प राहतील, हे मी मान्य करतो. ही किंमत आहे आणि ती लपवून युक्तिवाद करणं मला अप्रामाणिक वाटतं. मात्र ती किंमत आजही मोजली जाते, फक्त वेगळ्या माणसांकडून. सराईत मुलाला गप्प राहायचं आधीच ठाऊक असतं. बोलतो तो पहिल्यांदा सापडलेला, घाबरलेला, शाळेत मागे पडलेला. हक्क वाचून दाखवल्यावर अमेरिकेतली बहुसंख्य मुलं ते सोडून देतात, कारण 'सोडणं' म्हणजे काय हे त्यांना कळलेलंच नसतं. आई-बापांचं सांगायचं तर सेंट्रल पार्कच्या चित्रित जबाबांत काही मुलांच्या शेजारी घरची माणसं बसलेली होतीच. पालक स्वतःच हादरलेले असतात, पोलिसांवर त्यांचाही विश्वास असतो, 'खरं सांगून टाक म्हणजे घरी जाऊ' असं ते स्वतःच मुलाला सांगतात. कायदा माहीत असलेलं आणि फक्त त्या मुलाचं हित पाहणारं माणूस हवं, आणि ते म्हणजे वकीलच. कॅलिफोर्नियाने सतरा वर्षांपर्यंतच्या मुलाला चौकशीआधी वकिलाशी बोलू देणं सक्तीचं केलं आहे, आणि हा हक्क मुलालाही सोडता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली, शाळेच्या वर्गातून उठवून आणलेल्या तेरा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात, वय विचारात घेतलंच पाहिजे असं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं. मुलांच्या खोट्या कबुल्यांवरचे अभ्यास त्या न्यायालयापुढे मांडले गेले होते, त्यांत ड्रिझिन यांच्या केंद्राचं निवेदनही होतं.

अधिकारी : मग एवढं सगळं ऐकून आपण काय करायचं? आपल्याकडे पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालतच नाही. १८७२ पासून तसा कायदा आहे, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम २३ मध्ये तेच आहे. अमेरिकेचं दुखणं अमेरिकेला लखलाभ.

लेखक : इंग्रज राज्यकर्त्यांचाही आपल्या पोलिसांच्या जबाबावर विश्वास नव्हता म्हणून ते कलम आलं, आणि ते चांगलं आहे. पण त्याला वाटा फुटल्या आहेत. कबुलीवरून वस्तू हस्तगत झाली तर तेवढा भाग पुरावा होतो. आपल्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्का कायद्यात तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुली ग्राह्य धरली जाते. २००६ च्या मुंबईतल्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात अशाच कबुल्या महत्त्वाच्या होत्या. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या विश्वासार्ह नाहीत असं ठरवून बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्या निकालाचा दाखला इतरत्र देण्याला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आहे, पण कबुलीवर उभा राहिलेला खटला एकोणीस वर्षांनी कुठे येऊन पोहोचतो, हे बळींच्या नातेवाइकांनी पाहिलं.

शिवाय कोर्टात न चालणारी कबुली तपास मात्र थांबवू शकते. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्याच दिवशी पोलिसांनी बसच्या कंडक्टरला पकडलं, आणि कॅमेऱ्यांसमोर त्याच्या तोंडून कबुली आली. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास हाती घेतला, त्याच शाळेतल्या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यावर आरोप ठेवला, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने कंडक्टरला आरोपमुक्त केलं. 'पोलिसी खाक्या दाखवताच गुन्ह्याची कबुली दिली' असं आपली वर्तमानपत्रं आजही छापतात, आणि वाचणारा निकाल देऊन मोकळा होतो. गुरुग्रामच्या प्रकरणातूनच त्या विद्यार्थ्याला प्रौढ म्हणून खटल्याला उभं करायचं का, हा प्रश्न २०२२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१५ च्या बालन्याय कायद्यात सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाचं निर्घृण गुन्ह्यांत 'प्राथमिक मूल्यमापन' होतं, आणि त्यात बालन्याय मंडळाने 'गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला असं म्हटलं जातं' तेही बघायचं असतं. या मूल्यमापनात समुपदेशकासमोर मोकळेपणाने बोलणाऱ्या मुलाला, आपण इथे कबुली देतो आहोत, हे कळणार तरी कसं? ड्रिझिन यांचा प्रश्न आपल्याकडे पोलीस ठाण्यापेक्षा या मूल्यमापनाच्या खोलीत जास्त टोकदार होतो, आणि त्यावर आपल्याकडे फारच कमी लिहिलं गेलं आहे.

नियम मात्र आपल्याकडे आहेत. २०१६ च्या बालन्याय आदर्श नियमांनुसार मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, कबुली द्यायला भाग पाडता येत नाही, कुठल्याही जबाबावर त्याची सही घेता येत नाही, आणि त्याच्याशी बोलताना पालक हजर राहू शकतात. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील त्याला मोफत मिळतो. पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावून चित्रीकरण किमान एक वर्ष जपावं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं मुद्रण सक्तीचं झालं, मुलाच्या चौकशीचं नाही. महाराष्ट्र शासनाने ते पहिल्या मिनिटापासून सक्तीचं करावं, आणि वकील आल्याशिवाय मुलाला गुन्ह्याबद्दल एकही प्रश्न विचारू नये, अशी माझी मागणी आहे. साहेब, तुमच्यासारख्या अधिकाऱ्यांनी ती केली तर ती लवकर ऐकली जाईल. आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या घरातल्या, वस्तीतल्या, शाळेतल्या कुठल्याही मुलाला पोलिसांनी बोलावलं, तर त्याला एकटं पाठवू नका, कुठल्याही कागदावर सही करू देऊ नका, आणि त्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मागा.